कोल्ह्याच्या वाट्याचं काडतूस

कार्तिक सरत आला की शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. ट्रॉलीतून सांडलेली कांडी चाकाखाली चिरडली जातात आणि डांबर चिकट होतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत हवेला जळक्या पाचटाचा कडवट वास असतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हे दिवस फार आवडतात. ती ट्रॉलीमागं धावतात, ऊस ओढतात, दुसऱ्या दिवशी सोललेल्या ओठांनी वर्गात येऊन बसतात. मी फळ्यावर तारीख लिहीत असते आणि खिडकीतून तो वास आत येतो. मग मला नंदुरबारमधली ही शाळा दिसेनाशी होते. म्हसावदजवळचं आमचं शेत दिसतं, गोमाई नदीच्या बाजूचा उसाचा शेवटचा तुकडा दिसतो, आणि त्याच्या कडेला बंदूक घेऊन उभे असलेले आप्पा दिसतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची एकनळी बंदूक होती. ती त्यांच्या वडिलांकडून आलेली. गावात बंदूक असलेल्या माणसाला थोडा मान असतो, थोडी भीती असते. आप्पांना दोन्ही नको असे. वर्षातून तीनचारदा मक्यात डुकरं शिरली की ते आभाळाकडे एक बार काढत आणि घरी येऊन नळी पुसून ठेवत. मारायचं म्हणून त्यांनी बंदूक उचललेली मी लहानपणी पाहिलीच नाही.

पण काडतुसांबद्दल ते बोलायला लागले की थांबत नसत. पत्र्याच्या एका डब्यात लाल आणि हिरवी काडतुसं असत. त्यांच्या पितळी बुडाचा वास हाताला लागला की साबणानं धुतला तरी जेवताना जाणवायचा. त्यांनीच मला सांगितलं होतं की काडतुसावरचा आकडा उलटा वाचायचा. आकडा जितका मोठा, तितका आतला छर्रा बारीक. बारीक छर्रा पाखरांसाठी. एलजी नावाच्या काडतुसात मोजकेच पण हरभऱ्यापेक्षा मोठे छर्रे, आणि डुकरासाठी सगळ्यांत बरी ती एकच एक गोळी. एकदा त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद बांधावर ताणून बांधला आणि चिंचेखाली उभं राहून त्यावर बारीक छर्ऱ्याचा बार काढला. कागदाची चाळणी झाली. मला ते फार भारी वाटलं. आप्पांनी मला जवळ नेलं आणि एका भोकात करंगळीचं टोक घालायला लावलं. ते शिरलंच नाही.

"आते सांग," ते म्हणाले, "हाई भोक कातडीमा पडनं, तं जनावर मरी का?"

"एवढी भोकं पडल्यावर मरेलच ना."

"मरी. पन आज नही. चार दिवस झुडपमा पडी ऱ्हाई, किडा पडतीस, मंग मरी." त्यांनी कागद सोडून नीट घडी घातली. "मारानं तं एकदम मारानं. नही तं बार काढानाच नही."

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. एखाद्याला मारण्यातही नीट आणि वाईट असं काही असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते कळल्यावर जरा भीतीच वाटली. घरातल्या कोणाच्या तरी मनात हा विचार इतका आत जाऊन बसलेला आहे, याची भीती.

ज्या हंगामाची मी आठवण काढते आहे, त्या वर्षी मी दोन महिने गावी होते. आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आई जाऊन बरीच वर्षं झाल्यामुळे घरात दुसरं कोणी नव्हतं. काळा चष्मा लावून ते ओट्यावर बसत. समोर भिकाकाकांचं घर. भिकाकाका आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. शेताला शेत लागून, घराला घर समोर. त्यांची बायको, सुमनकाकी, आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भाकरी पाठवायची. आई गेल्यावर माझी वेणी तिनंच घातली होती, मी कॉलेजला जाईपर्यंत. ती केस इतके घट्ट ओढायची की डोळे ताणले जायचे. ओरडले की म्हणायची, "सैल बांधं तं दुपारलगून सुटी जास. मंग लोके म्हनतीस, हिले माय नही."

सुमनकाकी त्या हंगामात गेली.

कापूस वेचताना सकाळीच उसाच्या कडेनं एक कोल्हा सरळ तिच्या अंगावर चालून आला. कोल्हा कधी असा येत नाही. माणूस दिसला की तो वळतो, थांबतो, मान तिरकी करून बघतो आणि नाहीसा होतो. हा झोकांड्या खात आला आणि तिच्या मनगटाला चावला. तिनं टोपली मारून त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी तो पाटाच्या कडेला मरून पडलेला सापडला, तेव्हाही तिनं कोणाला काही सांगितलं नाही. जखमेवर मिरची आणि तेल बांधलं होतं. भिकाकाकांनी विचारलं तर म्हणाली, बोरीचा काटा लागला. कापूस फुटून ओघळायला लागला होता, बायका मिळत नव्हत्या, आणि दवाखान्यात गेलं की दिवस मोडतो, एवढाच तिचा हिशेब.

मार्गशीर्षात एका दुपारी तिनं पंखा बंद करायला सांगितला. वारा सहन होत नाही म्हणाली. भिकाकाका उशाशी बसले होते. मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या नेला आणि तिचा गळा माझ्या डोळ्यांसमोर आवळला गेला. तांब्याकडे बघून ती मागे सरकत भिंतीला टेकली. तहान तर लागलेली होती. ती हात पुढं करायची आणि हातच मागं यायचा. तेव्हा कुठे तिनं मनगट दाखवलं. नंदुरबारला नेलं, तिथून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी भिकाकाकांना बाजूला घेऊन समजावलं की आता या टप्प्यावर जगात कुठेच इलाज नाही. ती पाण्याविना गेली. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दहाव्यानंतर भिकाकाका आमच्या ओट्यावर आले. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी नाही. त्यांनी पाणी घेतलं नाही, चहा घेतला नाही.

"आप्पा, तुन्ही बंदूक काय फक्त भिंतवर टांगाले शे का?"

आप्पांनी काळा चष्मा काढला.

"त्या उसमा कोल्हास्नं पूर्न घर शे," भिकाकाका म्हणाले. "रोज ऐकस मी. एक बी जित्ता नको."

"भिका, जो चावना तो कव्हाच मरी गया. तो पिसायेल व्हता. आते उसमा ज्या शेतस, त्यास्ना काय गुन्हा?"

"मन्ही बायकोना काय गुन्हा व्हता?"

आप्पा हातातल्या चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिले. मग हळूच म्हणाले, की कोल्हा मारायला कायद्याची परवानगी नाही. वनखात्याची परवानगी आली आहे ती डुकरांची, मक्यासाठी. पिसाळलेला अंगावर आला तर गोष्ट वेगळी. भिकाकाका उठले. "कायदा," एवढा एकच शब्द म्हणून समोरच्या घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत दिवसा कोणी दार लावत नाही.

त्यानंतर संध्याकाळी कोल्हेकुई सुरू झाली की समोरच्या घरातला दिवा विझायचा. मला तो आवाज लहानपणापासून प्रिय होता. आधी एकच, लांब, ओढलेला; मग चारी बाजूंनी उत्तरं; आणि मग सगळं अचानक गप्प. आता तो सुरू झाला की मी आप्पांकडे बघायची आणि आप्पा जमिनीकडे. एकाच आवाजाचे एका गल्लीत दोन अर्थ झाले होते, आणि दोन्ही घरं खोटी नव्हती.

पौषात ऊसतोड आली. डोंगरातून, धडगावकडून, टोळी आली. बांधाला पाल पडले, चुली पेटल्या. उसाची तोड चारी बाजूंनी आत सरकत गेली की मधे एक तुकडा उरतो, आणि शेतात राहणारं सगळं जितराब त्या तुकड्यात गोळा होतं. ससे, मुंगसं, साप, डुकरं, कोल्हे. दिवसागणिक त्यांची जागा कमी होत जाते. त्या तुकड्यात डुकरं आहेत हे माग बघून सगळ्यांना माहीत होतं. परवानगी हातात होती. परवानगीत दोन बंदुका होत्या, आप्पांची आणि विलासची. विलास भिकाकाकांचा पुतण्या, पस्तिशीतला, त्याच्याकडे वडिलांची दुनळी.

आप्पा आदल्या आठवड्यात धुळ्याला जाऊन आले होते. दुकानात गोळीची काडतुसं थोडीच होती, परवान्यावर मिळाली तेवढी त्यांनी आणली. विलासलाही सोबत चल म्हणाले होते, तो गेला नाही. आदल्या दिवशी आप्पांनी त्याला घरी बोलावून विचारलं, नळीत काय भरणार.

"शेतस ना जुना. चार नंबर."

"तो पाखरूना छर्रा. डुकरूले नुसता जखमी करी. जखमी डुक्कर टोळीवर गया तं कोनले फाडी, माहीत शे?"

"दुकानमा दुसरं नव्हतं आसं तुम्हीच सांगं."

"मंग बंदूक घरी ठेव. नुसता ये."

विलास हसला. हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुनळी खांद्याला लावूनच आला.

ऊन चांगलं वर आलं होतं. आप्पांनी टोळीला पलीकडच्या बांधावर, लांब नेऊन बसवलं. बायका-पोरांना मागं घातलं. विलासला सांगितलं, दिसल्याशिवाय बार नाही, पानाच्या आवाजावर नाही. मी विहिरीच्या कठड्यापाशी होते. भिकाकाका हातात काठी घेऊन पाटापाशी उभे होते. सुमनकाकी गेल्यानंतर ते पहिल्यांदाच शेतात आले होते. चारजणांनी एका बाजूनं डबे वाजवायला सुरुवात केली. उसाचे शेंडे हलले. काहीतरी आतून कडेपर्यंत आलं, थांबलं, परत फिरलं. पुन्हा आलं.

विलासचा बार निघाला.

डुकरं दुसऱ्याच बाजूनं निघून मक्याकडे पळाली, सगळीच्या सगळी, त्यांच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. उसातून कोल्हा बाहेर आला होता. त्याचे मागचे पाय चालत नव्हते. पुढच्या दोन पायांवर तो अंग ओढत होता. तोंडातून आवाज निघत नव्हता. मला वाटलं होतं तो किंचाळेल. काहीच नाही, नुसता पानावरून पोतं ओढल्यासारखा आवाज. डबे वाजवणारे पुढं धावले, कोणी ओरडलं, "पिसायेल शे, पिसायेल शे," आणि काठ्या उचलल्या गेल्या.

कोल्हा पाटाकडे चालला होता. म्हणजे भिकाकाकांकडे.

भिकाकाकांनी काठी वर धरली होती. त्यांनी मारली असती तर कोणी त्यांना काही म्हटलं नसतं. मी तरी नाही. कोल्हा त्यांच्यापासून चार हातांवर आला, त्यांच्याकडे बघितलंही नाही, पाटाच्या उतारावर घसरला आणि त्यानं पाण्यात तोंड घातलं. तो प्यायला लागला. आम्हाला सगळ्यांना ते ऐकू येत होतं. लप लप लप, कुत्रं पितं तसं. पितच राहिला. पाठीवरचे केस जिथे तिथे लाल ठिपक्यांनी ओले झाले होते.

शास्त्राला हे किती धरून आहे मला माहीत नाही. जनावराला पाण्याची भीती माणसासारखी वाटते की नाही, हे मी कोणाला विचारलेलं नाही. पण भिकाकाकांनी पाण्याचा तांब्या आणि बायकोचा गळा पाहिला होता. त्यांची काठी हळूहळू खाली आली.

"आप्पा," ते म्हणाले, "हाऊ पानी पी ऱ्हायना."

आणि ते तिथेच, चिखलात, खाली बसले.

आप्पा पुढं आले. सगळ्यांना हातानंच मागं सारलं. कोणीतरी म्हणालं, वनरक्षकाला फोन करा, त्यांची माणसं येतील, घेऊन जातील. आप्पांनी कोल्ह्याच्या पाठीकडे पाहिलं. म्हसावदहून कोणी येईपर्यंत, पिंजरा येईपर्यंत, डॉक्टर येईपर्यंत तो तसाच पडणार होता. कणा गेलेला होता. त्यांनी बंदूक मधे मोडून उघडली, आत काय आहे ते पाहिलं. डुकरासाठी आणलेली गोळी होती. ती तशीच ठेवून नळी मिटली. भिकाकाकांना दोघांनी धरून बाजूला नेलं. पाटाच्या पलीकडे माणूस नाही, दगड नाही, हे आप्पांनी पाहून घेतलं. मग अगदी जवळ गेले. मी डोळे मिटून घेतले. एकच बार झाला.

डोळे उघडले तेव्हा आप्पा चष्मा पुसत होते. मला म्हणाले, "ऑपरेशन करालेच नको व्हतं, बेटा. सगळं साफ दिखस."

वनखात्याला फोन त्यांनी स्वतः केला. वनरक्षक म्हणून एक तरुण बाई होत्या, त्या दुपारी मोटरसायकलवर आल्या. त्या यायच्या आधी गावातली जाणती माणसं आप्पांभोवती जमली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. सांगा, पिसाळलेला होता. सांगा, भिकाच्या अंगावर आला. जीव वाचवायला मारलं तर गुन्हाच होत नाही, कायद्यातच तसं आहे, आणि या गावात तर कोणीही विश्वास ठेवील. खोटं इतकं तयार, इतकं खऱ्यासारखं होतं की त्यात फक्त मान हलवायची होती. विलास तर रडवेला होऊन आप्पांच्या पायाशी बसला होता. त्याला लहान मुली होत्या.

आप्पांनी भिकाकाकांकडे पाहिलं. भिकाकाका म्हणाले, "मन्हा अंगवर नही उना तो. पानी पेवाले उना."

मग आप्पांनीही तेच सांगितलं. वनरक्षक बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"आप्पा, तुम्ही आधी फोन का नाही केला?"

"केला असता. तुम्ही येईपर्यंत तो मेला नसता, म्हणून नाही केला."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पंचनामा पूर्ण केला. कोल्ह्याला गोणपाटात गुंडाळताना त्यांनी त्याचं डोकं हातानं सरळ केलं, एवढं मला आठवतं. दोन्ही बंदुका जमा झाल्या, दोघांवर गुन्हा नोंदला गेला. तपासणीचा निकाल नंतर आला. कोल्हा निरोगी होता.

तारखा सुरू झाल्या. आप्पा टोपी घालून सकाळच्या बसनं जात आणि संध्याकाळी येत. विलासच्या घरच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्यांचं म्हणणं, आप्पांनी एक शब्द वेगळा सांगितला असता तर दोन घरं वाचली असती. ते खोटं नव्हतं. मी एकदा आप्पांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "विलासनी बारीक छर्रा मारा. मी मोठी गोळी मारी. कागदवर दोन्ही एकच शेतस. ऱ्हाऊ दे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण उभारीही नव्हती. जन्मभर ज्या फरकाला ते जपत आले, तो फरक पोलीस ठाण्यात, कोर्टात, गावाच्या पारावर कुठेच धरला जात नव्हता. तो फक्त त्यांना आणि त्या कोल्ह्याला माहीत होता.

भिकाकाका मात्र प्रत्येक तारखेला त्यांच्याबरोबर जात. बाहेर लिंबाखाली बसून राहत. सुमनकाकीबद्दल दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. कोणाला कुत्रं चावलं, मांजर ओरखडलं, की भिकाकाका मोटरसायकल काढून दारात उभे राहत आणि माणूस मागं बसेपर्यंत हॉर्न वाजवत. लोक हसत. ते हसत नसत.

आप्पा खटल्याचा निकाल न ऐकताच गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य पुष्कळ दिवस उराशी धरून बसले होते. पुढच्या तारखेला कोर्टानं त्यांचं नाव कमी केलं. विलासची तारीख अजून पडते.

या वर्षी पुन्हा ऊस लावला होता. मी सुटी काढून तोडीला गेले. तोड आत सरकत सरकत पाटाजवळचा तुकडा उरला, तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, आज इथेच थांबा, उरलेलं उद्या. त्याला नवल वाटलं, पण तो थांबला. आत जे कोणी असेल त्याला अंधारात निघून जायला एक रात्र मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. मी भिकाकाकांना काही सांगितलं नव्हतं. तरी ते दिवस मावळताना आले, खांद्यावर घोंगडी टाकून, आणि बांधावर बसले. काठीवाली पोरं, कुत्री, कोणी त्या बाजूला फिरकू नये म्हणून. थंडी वाढल्यावर मी त्यांना घरी चला म्हटलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मी घरी आले आणि अंगणात उभी राहून कान देत राहिले. लांब कारखान्याची घरघर होती. रस्त्यावरून ट्रॉल्या जात होत्या. बाकी काही नव्हतं. कोल्हेकुई शेवटची कधी ऐकली ते आठवायचा मी प्रयत्न केला, आणि मला आठवेना.

सकाळी टोळीनं तो तुकडा तोडला. आतून काही निघालं नाही. मी पाटाच्या ओल्या मातीवर वाकून माग शोधले, रात्री कोण गेलं असेल त्याचे. भिकाकाका माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनीही बराच वेळ खाली पाहिलं. माती कोरी होती.

"कोनी नही गयं, बेटा," ते म्हणाले. "मधमा कोनी व्हतंच नही."